सर्पाच्या मस्तकावर पाऊल कोणाचे?



ह्या महोत्सवी वर्षाच्या आरंभी आपल्या देवळातील अमलोद्भव मरियामातेची मूर्ती रंगकामासाठी कोनाड्यातून खाली उतरविण्यात आली. जी मूर्ती आपण इतकी वर्षे मान वर करून पाहत आलो ती डोळ्यांसमोर आली, आणि मातेच्या पायाखाली वेटोळे घालून पडलेला सर्प लहानथोरांस प्रथमच जवळून पाहावयास मिळाला. त्याच दिवशी सायंकाळी आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध माउली आपल्या नातवासह आमच्या दाराशी आल्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्या म्हणाल्या, "फादर, हा मुलगा म्हणतो, सर्पाचे डोके मरियामाता फोडीत नाही, तिचा पुत्र फोडतो, ह्याच्या इंग्रजी बायबलात तसे लिहिले आहे. माझ्या मराठी पुस्तकात तर 'ती' असे स्पष्ट आहे. मग खोटे कोणते? आणि मी जन्मभर मेणबत्त्या लावल्या त्या चुकीच्या मूर्तीपुढे का?"

दाराशी उभ्या उभ्या आम्ही जे उत्तर दिले त्याने आजींचे समाधान झाले नाही, नातवाचे झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही. ह्या प्रश्नाचा इतिहास सेमिनरीत आम्हांस शिकविला गेला होता. परंतु वेदीजवळून बोलताना तो आम्ही एकदाही सांगितला नाही. भाविकांच्या मनाला उगीच धक्का का द्या, असे वाटत राहिले. धक्का बसावयाचा तो अखेर बसलाच, आणि तोही आमच्या मौनामुळे. ते ऋण ह्या पुस्तिकेच्या निमित्ताने फेडावे, असा आमचा विचार आहे.

जुना करार मुळात बहुतांशी हिब्रू भाषेत लिहिला गेला, हे आपण जाणता. ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील यहुदी पंडितांनी त्याचे ग्रीक भाषांतर करण्यास आरंभ केला. ते भाषांतर 'सेप्तुआगिंता', म्हणजे 'सत्तर', ह्या नावाने प्रसिद्ध आहे. आरंभीच्या ख्रिस्तसभेचे पवित्र शास्त्र ते हेच. पुढे ३८२ साली पोप दामासुस ह्यांनी संत जेरोम ह्यांच्यावर लॅटिन शास्त्रपाठ सुधारण्याचे काम सोपविले. शुभवर्तमानांपासून आरंभ करून संत जेरोम अखेर मूळ हिब्रूपर्यंत जाऊन पोहोचले. बेथलेहेम येथे राहून त्यांनी एका यहुदी गुरूपाशी हिब्रूचा अभ्यास केला, आणि तो गुरू लोकांच्या भयाने रात्री शिकवावयास येत असे, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्या परिश्रमाचे फळ म्हणजे 'वुल्गाता' हे लॅटिन बायबल. हजाराहून अधिक वर्षे पश्चिमेकडील ख्रिस्तसभा तेच वाचीत आली, आणि त्यातील शब्दांवरूनच चित्रकारांनी चित्रे रंगविली व शिल्पकारांनी मूर्ती घडविल्या.

पण शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना काय होते? ह्याची एक गमतीची व एक खेदाची कथा प्रथम सांगतो.

योना प्रवाद्यावर देवाने ज्या रोपाची सावली धरली त्या रोपाचे हिब्रू नाव 'किकायोन'. ग्रीक भाषांतरकारांनी त्याला भोपळ्याचा वेल म्हटले. म्हणून रोममधील भूमिगत दफनस्थळांच्या भिंतींवर लोंबत्या भोपळ्यांखाली विसावलेला योना आजही पाहावयास मिळतो. संत जेरोम ह्यांनी विचारपूर्वक तेथे 'आयव्ही' ह्या वेलीचे नाव घातले. उत्तर आफ्रिकेतील ओएया नगरात, म्हणजे आजच्या त्रिपोली येथे, बिशपांनी हा नवा पाठ देवळात वाचताच मोठा गलबला झाला. लोक ऐकेनात. आपल्याला कळपच उरणार नाही, अशी पाळी त्या बिशपांवर आली, असे संत ऑगस्टिन ह्यांनी ४०३ च्या सुमारास संत जेरोम ह्यांना पत्राने कळविले. आज बहुतेक विद्वान ते रोप एरंडाचे मानतात. म्हणजे भोपळाही नव्हे आणि आयव्हीही नव्हे! वाचकहो, हसू येते खरे. परंतु त्या लोकांना केवळ हट्टी म्हणू नये. त्यांनी जन्मभर ऐकलेले आणि आपल्या मृतांच्या समाधीवर रंगविलेले चित्र कोणी एका शब्दाने पुसू पाहत होते. त्यांचे दुःख आणि आमच्या दाराशी आलेल्या आजींचे दुःख एकाच जातीचे होय.

दुसरी कथा मोशेची. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात मोशे सीनाय पर्वतावरून उतरतो तेव्हा त्याच्या मुखाविषयी हिब्रूत 'कारान' असे क्रियापद आले आहे. 'केरेन' म्हणजे शिंग. त्याच शब्दाचे हे भावंड. शिंगाप्रमाणे फुटून बाहेर पडणारे किरण, असा त्याचा भाव समजला जातो. ग्रीक भाषांतरकारांनी 'मुख गौरवयुक्त झाले' असा अर्थ घेतला, आणि संत पौलही करिंथकरांस लिहिताना मोशेच्या मुखावरील तेजाविषयीच बोलतो. संत जेरोम ह्यांनी मात्र शब्दाला शब्द ठेवून 'कोर्नूता', म्हणजे 'शिंगे असलेले', असे लिहिले. त्यांना मोशेची हेटाळणी करावयाची नव्हती. शास्त्रात शिंग हे सामर्थ्याचे चिन्ह आहे, आणि जखऱ्याच्या ज्या गीताने आम्ही धर्मगुरू रोज प्रभातप्रार्थना करतो त्यातही तारणाच्या शिंगाचा उल्लेख येतो. पोळ्याच्या दिवशी बैलाची रंगविलेली शिंगे पाहणाऱ्या आपल्या लोकांस हा भाव परका वाटू नये. तथापि आपल्याच भाषेत 'ह्याला शिंगे फुटली' असे म्हटले की काय समजले जाते, हे सांगावयास नको! शब्द तोच, पण भाषा बदलली की त्याची संगत बदलते.

चित्रकारांनी मग मोशेच्या कपाळावर खरोखरीची शिंगे काढली. अकराव्या शतकातील एका इंग्लिश हस्तलिखितात ती दिसतात, आणि रोममध्ये सान पिएत्रो इन विंकोली ह्या देवळात मायकेलँजेलोने घडविलेल्या सुप्रसिद्ध मूर्तीलाही ती आहेत. ज्ञात्यांना त्यात सामर्थ्य दिसे. सामान्य जनास मात्र शिंगे म्हटली की सैतान आठवे, आणि यहुदी लोकांनाच शिंगे असतात, असा दुष्ट समज युरोपात पसरला. १२६७ साली व्हिएन्ना येथील प्रांतिक धर्मपरिषदेने यहुद्यांनी शिंगाच्या आकाराची टोपी घालावी, असा नियम केला. हा सगळा द्वेष एका शब्दापासून उपजला, असे आम्ही म्हणत नाही. द्वेषाला कारणे पुष्कळ होती. परंतु शब्दातून निघालेल्या चित्राने द्वेषाला मुखवटा पुरविला, हे नाकारता येणार नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यहुदी लोकांविषयीच्या द्वेषाचा स्पष्ट शब्दांत निषेध केला. आपल्या शेजारी ठाण्यास १८७९ साली बांधलेले बेने इस्राएल लोकांचे सिनेगॉग आहे. मराठी बोलणारे आणि हिब्रूत प्रार्थना करणारे हे आपले बांधव आहेत, ह्याचे स्मरण येथे ठेवणे उचित होय.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातील पंधराव्या वचनात देव सर्पाला सांगतो की, तुझ्यात व स्त्रीत, तुझ्या संततीत व तिच्या संततीत वैर राहील, आणि त्यानंतर मस्तक व टाच ह्यांविषयीचे ते प्रसिद्ध शब्द येतात. मस्तक कोण चिरडणार? हिब्रूत संततीवाचक शब्द 'झेरा'. तो पुल्लिंगी असल्यामुळे सर्वनाम 'हू', म्हणजे 'तो', असे आले. मोशेच्या पंचग्रंथांत 'तो' आणि 'ती' ही दोन्ही सर्वनामे पुष्कळदा सारख्याच अक्षरांनी लिहिलेली असतात. परंतु येथे पुढचे क्रियापदच पुल्लिंगी असल्यामुळे शंकेस जागा राहत नाही. ग्रीक भाषेत संततीवाचक शब्द नपुंसकलिंगी असूनही भाषांतरकारांनी 'तो' असेच लिहिले. जणू कोणी एक पुरुष येणार, अशी त्यांची वाट पाहणारी दृष्टी त्या एका शब्दात उतरली. संत जेरोम ह्यांनीही उत्पत्तीवरील आपल्या विवेचनात 'तो' असाच पाठ दिला आहे. परंतु वुल्गातेच्या प्रतींत 'इप्सा', म्हणजे 'ती', हा पाठ रूढ झाला, आणि १५९२ च्या अधिकृत आवृत्तीतही तोच छापला गेला. 'इप्से' म्हणजे तो, 'इप्सा' म्हणजे ती, 'इप्सुम' म्हणजे ते. लॅटिन क्रियापद लिंग दाखवीत नाही. म्हणून शेवटचा एक स्वर बदलला की सर्पाच्या मस्तकावरील पाऊलच बदलते. त्या एका स्वरातून, मंगल मातेवरील भक्तीच्या आधाराने, आपल्या कोनाड्यातील मूर्ती जन्मास आली.

आणि मराठीत? येथे देवाची करणी पाहा. आपल्या भाषेला तिन्ही लिंगे आहेत. भाषांतरकाराने 'वंश' म्हटले तर 'तो' म्हणावे लागेल, 'बीज' म्हटले तर 'ते', आणि 'संतती' म्हटले तर 'ती'. शिवाय आपले 'फोडील' हे क्रियापदही लॅटिनप्रमाणेच तिघांना सारखे. आजींच्या पुस्तकात 'संतती' हा शब्द आहे, म्हणून पुढे 'ती' आले. ती 'ती' म्हणजे मरियामाता नव्हे, तर संतती होय. लॅटिनमधील 'ती' वेगळी आणि मराठीतील 'ती' वेगळी. तरी वेदीवरून पाठ वाचला जात असता डोळे मूर्तीवर असणाऱ्या भाविकाच्या कानी दोन्ही एकच होऊन जातात. भाषांतरकाराने लबाडी केली नाही, आजींनीही चुकीचे ऐकले नाही. व्याकरणाने आपले काम केले, इतकेच. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली राचोल येथे छापून प्रसिद्ध केलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले, तेव्हाही असेच घडले. जो शब्द उसना घ्यावा, त्याच्याबरोबर त्याचे जुने घरही थोडेसे येतेच.

मग मूर्ती खोटी ठरते काय? आम्ही पूर्ण विचारांती सांगतो: नाही. परंतु ती काय सांगते हे नीट समजून घेतले पाहिजे. मातेच्या पावलात बळ आहे ते तिच्या पुत्राचे. कारावाज्जो नावाच्या चित्रकाराने १६०५-०६ साली रोममध्ये एक चित्र रंगविले. त्यात मातेचे पाऊल सर्पाच्या मस्तकावर आहे, आणि त्या पावलावर बाळ येशूचे इवलेसे पाऊल ठेविलेले आहे. दोन्ही पाठ एका चित्रात! १८५४ साली पोप नववे पायस ह्यांनी अमलोद्भवाचा सिद्धान्त घोषित केला, तेव्हा सर्पाचे मस्तक चिरडणाऱ्या मातेचा उल्लेख केला खरा. तथापि त्या सिद्धान्ताचा सारा भार एका सर्वनामावर ठेवलेला नाही. आणि ख्रिस्तसभेला सत्याचे भय वाटत नाही, ह्याची साक्ष तिनेच दिली आहे. १९४३ साली, संत जेरोम ह्यांच्याच सणाच्या दिवशी, पोप बारावे पायस ह्यांनी मूळ भाषांकडे वळण्याचा आदेश विद्वानांस दिला. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या वुल्गातेत 'इप्सा' जाऊन 'इप्सुम' आले. पाठ सुधारला गेला, पण मूर्ती कोणी फोडल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट मूळ हिब्रूत आहे. मस्तकासाठी आणि टाचेसाठी तेथे एकच क्रियापद योजिले आहे. लॅटिनमध्ये त्याची दोन झाली, एक चिरडण्याचे व दुसरे दबा धरण्याचे. त्यामुळे विजय सोपा वाटू लागला. वाडीतून अनवाणी चालणारा आपला शेतकरी मात्र जाणतो की, ज्या पावलाखाली साप येतो त्याच पावलाला तो डसतो. आपल्या प्रभूचा विजय असाच झाला. खिळे ठोकलेल्या पावलांनीच त्याने सर्पाला चिरडले, आणि माता त्या वेळी क्रुसापाशी उभी होती.

रंगकाम आटोपून मूर्ती सर्पासह पुन्हा कोनाड्यात बसविली आहे. तो नातू मूर्ती उचलण्यास स्वतः आला होता. त्याला आम्ही सांगितले, "तू वाचलेस ते बरोबर आहे, असेच वाचीत जा, आणि पुढच्या वेळी आजीला बरोबर बसवून वाच." आजींना सांगितले, "तुमची मेणबत्ती वाया गेलेली नाही. माता ती पुत्राच्याच हाती देते." तेच आम्ही ह्या महोत्सवी वर्षात आपणा सर्वांस सांगतो. मूर्तीपुढे गुडघे टेकावे, आणि पुस्तकही उघडावे. भाषांतरात शब्द बदलला असे दिसले तर घाबरू नये, एकमेकांस दूषणे देऊ नयेत, विचारावयास यावे. आमचे दार उघडे आहे, आणि ह्यापुढे आमचे तोंडही बंद राहणार नाही.

शब्द देह झाला, तो आपल्या सर्वांच्या घरी वस्ती करो.