बार्शी रोड : दुसऱ्याच्या नावाचं स्टेशन

कुर्डुवाडीच्या स्टेशनाचं पहिलं नाव कुर्डुवाडी नव्हतं. ते होतं 'बार्शी रोड'. माझे आजोबा मरेपर्यंत तेच म्हणत. "रोडावर कामाला होतो," असं ते सांगायचे आणि लहानपणी मला वाटायचं, आजोबा रस्त्याच्या कामावर खडी फोडत असतील. ते हमाल होते. ट्रान्सशिपमेंटच्या फलाटावर छोट्या गाडीतला माल मोठ्या गाडीत चढवणारे हमाल. हा उलगडा व्हायला मला पंधराव्या वर्षापर्यंत थांबावं लागलं, आणि त्यातलं इतिहास म्हणून काय उरतं हे कळायला आणखी पंचवीस वर्षं गेली.

रेल्वेच्या जुन्या भाषेत 'रोड' लागलेलं स्टेशन म्हणजे एक प्रकारची कबुलीच असते : गाव इथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथून फुटतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मुंबईहून निघालेली वाट १८६० च्या सुमारास सोलापूरला पोचली, तेव्हा बार्शी बाजूलाच राहिली. राहावी अशी ती पेठ नव्हती. १८८४ च्या सोलापूर गॅझेटिअरमध्ये बार्शी कापसाची आणि गळिताच्या धान्याची मोठी पेठ म्हणून येते. तिच्या पाठीशी निजामाच्या मुलखातला, म्हणजे आजच्या धाराशिव-लातूरकडचा, कापूस होता. तो बैलगाड्यांनी बार्शीला यायचा आणि तिथून पुन्हा गाड्यांनीच सुमारे २१ मैलांवरच्या रुळापर्यंत. पावसाळ्यात त्या काळ्या मातीतून गाडी हाकणं म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको.

हे २१ मैल एका इंग्रज इंजिनिअरच्या डोक्यात बसले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप १८८२ साली जी.आय.पी.च्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मोठी रेल्वे जिथे परवडत नाही तिथे हलकी रेल्वे न्यावी, हा त्याचा ध्यास. १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि १८९७ च्या मार्चमध्ये बार्शी रोड ते बार्शी टाउन गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर अडीच फूट.

इथे मला स्वतःची एक चूक कबूल करायची आहे. कित्येक वर्षं मी भाषणांतून आणि एका छापील लेखातही सांगत आलो की ही गाडी वारकऱ्यांसाठी काढली. गोष्ट गोड होती, टाळ्याही मिळायच्या. पण तारखा समोर मांडल्यावर ती टिकेना. पहिला रूळ पंढरपूरकडे गेलाच नाही. तो उलट्या दिशेला, बार्शीला गेला. पंढरपूरची शाखा १९०६ च्या सुमारास, म्हणजे नऊएक वर्षांनी आली. १९११ मध्ये गाडी लातूरला पोचली, म्हणजे सरळ निजामाच्या कापसाच्या दारात. आषाढीला छोटी गाडी माणसांनी फुलून जायची हे खरंच आहे, टपावर बसलेली माणसं मीही पाहिली आहेत. पण विठोबाच्या गर्दीवर कंपनीला आयती मिळकत झाली, एवढंच. रूळ अंथरले ते गासड्यांसाठी.

दुसरी आवडती दंतकथा वेगाची. चालत्या गाडीतून उतरावं, शेतातला हरभरा उपटावा आणि पुन्हा चढावं! मी ही गंमत सांगणं सोडलेलं नाही, पण तिच्यामागचं कारणही सांगतो. कॅलथ्रॉपने नियम घातला होता की इंजिन असो, डबा असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये. म्हणजे रूळ हलका चालतो, पूल हलका चालतो, भरावही फार लागत नाही. मग तेवढ्या मर्यादेत माल जास्त कसा न्यायचा? लीड्सच्या किटसन कंपनीने त्याच्यासाठी आठ जोडचाकांचं इंजिन बनवलं, वजन अनेक आसांवर वाटून दिलेलं. वाघिणी दाबीव पोलादाच्या, बोगीवर चालणाऱ्या. हा सरंजाम जहाजावर चढण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून तपासला गेला. पुढे कॅलथ्रॉपने इंग्लंडातल्या स्टॅफर्डशायरमध्ये अशीच एक अरुंद रेल्वे बांधली, लीक अँड मॅनिफोल्ड. बार्शीचा अनुभव गाठीशी घेऊन. १९०४ ला सुरू झालेली ती रेल्वे १९३४ ला बंदही पडली. आमची त्यानंतर सत्तरएक वर्षं धावली. हाच माणूस पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्यात गुंतला, हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटली. वजनाचा हिशेब काही त्याला सुटला नाही. तो १९२७ साली वारला. त्याच वर्षी छोटी लाइन मिरजेला पोचली. एकूण लांबी झाली २०२ मैल.

या हिशेबात एक जागा मात्र उघडी राहिली होती. अडीच फुटांची वाघीण साडेपाच फुटांच्या रुळावर चढत नाही. लातूरची गासडी मुंबईच्या गिरणीत जायची तर ती बार्शी रोडला उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावी लागणार. रेल्वेच्या पुस्तकांत याला मापांतराचा दोष म्हणतात. लाइट रेल्वेच्या पुरस्कर्त्यांचं म्हणणं असे की हा खर्च किरकोळ आहे. त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. खर्च किरकोळ होता, कारण हमाल स्वस्त होता.

आजोबांच्या उजव्या खांद्यावर गाठ होती, लिंबाएवढी. मी तिला हात लावायचो तेव्हा ते हसायचे. गासडी कशी घ्यायची ते उशीवर करून दाखवायचे : आकडा कुठे मारायचा, गुडघा कधी वाकवायचा, आणि फळीवर पाऊल टाकताना श्वास कसा धरायचा. कागदांत मी वर्षानुवर्षं शोधत राहिलो ते पाच टन प्रति आस. खांद्यावर किती, याचा रकाना मला कुठे दिसला नाही.

आणि तरी कुर्डुवाडी वाढली ती या दोषावरच. माल इथे थांबायचा म्हणून माणूस थांबला. हमाल, मुकादम, चहावाले, खाणावळी, रेल्वेचा वर्कशॉप, त्यातले फिटर आणि त्यांच्या चाळी. पंढरपूरचा प्रवासीही इथेच गाडी बदलायचा, रात्र फलाटावर काढायचा. बार्शीच्या नावाने ओळखलं जाणारं स्टेशन हळूहळू स्वतःच्या नावाचं गाव झालं.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने कंपनी ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली. त्यानंतरची चार-पाच दशकं म्हणजे रुंदीकरणाच्या मागणीची. अर्ज, शिष्टमंडळं, निवडणुकीतली आश्वासनं. मागणी रास्तच होती. मीही एका निवेदनावर सही केली होती. २००८ साली कुर्डुवाडी-लातूर रुंद मार्ग पूर्ण झाला. जुनी लाइन येडशीवरून जायची, जिल्ह्याचं ठाणं तिने बाजूला टाकलं होतं. नवी मुद्दाम वळवून धाराशिवला नेली. बार्शीच्या वाट्याला जे १८६० मध्ये आलं होतं ते धाराशिवने जवळजवळ शंभर वर्षं भोगलं. मिरजेकडचं कामही त्यानंतर काही वर्षांत उरकलं.

आता लातूरहून निघालेली गाडी न बदलता मुंबईला जाते. कुर्डुवाडीला ती काही मिनिटं थांबते. गेल्या वर्षी माझा भाचा तिने आला. त्याला सांगितलं होतं, उतरल्यावर जुना फलाट बघ. तो म्हणाला, "मामा, झोप लागली होती, मुंबईलाच जाग आली."