आरमारी तरती गोदी क्रमांक 23

मुंबईची गोदी आणि 1944 हे साल यांचा एकत्र उल्लेख झाला की वाचकास 14 एप्रिलचा स्फोट आठवतो. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या बोटीवर झालेल्या त्या स्फोटाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, व ते योग्यच होय. परंतु त्यानंतर चार महिन्यांच्या आतच, 8 ऑगस्ट 1944 रोजी, मुंबईतच बांधलेली एक प्रचंड गोदी सिंहलद्वीपातील त्रिंकोमाली बंदरात मधोमध मोडून बुडाली. या दुसऱ्या घटनेची आपल्याकडे जवळजवळ दखलच घेतली गेलेली नाही. त्या गोदीचा सेवा-इतिहास प्रस्तुत लेखात मांडावयाचा आहे. मात्र तो समजण्यास प्रथम मुंबई बंदराचे पाणी व त्याच्या पूर्वेचा आणि दक्षिणेचा कुलाब्याचा किनारा पाहावा लागतो. (कुलाबा जिल्ह्यास रायगड हे नाव 1981 मध्ये मिळाले.)

आरंभीच शब्दाविषयी थोडेसे. मराठीत 'गोदी' म्हटले की जमिनीत खोदलेली, दगडांनी बांधून काढलेली जागा डोळ्यांसमोर येते. 'गोदी कामगार' या संज्ञेत तर सारे बंदरच सामावते. 'तरती गोदी' हा प्रयोग त्यामुळे कानास विसंगत वाटतो. वस्तुतः ती गोदी असूनही एक प्रकारची नौकाच असते. तळाशी पोकळ कप्पे, दोन्ही बाजूंस उंच भिंती, आणि पुढची व मागची बाजू मोकळी. कप्प्यांत पाणी घेतले की ती खाली बसते. जहाज आत येऊन ठोकळ्यांवर स्थिर झाले की पंपांनी पाणी उपसावयाचे, म्हणजे जहाजासह ती वर येते.

आंग्र्यांच्या काळी हे काम समुद्रच करीत असे. गुराबा व गलबते उथळ बुडाची असल्याने उधाणाच्या भरतीस ती खाडीत वर घ्यावयाची, ओहोटीस ती कोरडी पडली की तळाची कालवे व शेवाळ खरवडावयाचे, आणि पुढच्या उधाणास पुन्हा पाण्यात लोटावयाची, हा क्रम. अलिबागच्या दक्षिणेस, विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीच्या काठी, याच तत्त्वावर खडकात कोरलेली गोदी आहे. तिची लांबी सुमारे 355 फूट भरते. भरतीच्या भरवशावर चालणाऱ्या या व्यवस्थेची मर्यादा मात्र उघड होती. जहाजाची पाण्यातील खोली वाढली की उधाण अपुरे पडे.

ही मर्यादा एकोणिसाव्या शतकात प्रत्यक्ष जाणवू लागली. इंग्रज सरकारने 1866-67 मध्ये हिंदुस्थानी सैन्यवाहतुकीसाठी पाच मोठ्या बोटी पाण्यात सोडल्या. त्यांपैकी 'युफ्रेटिस', 'जमना' व 'मलबार' या तीन सुएझ-मुंबई मार्गासाठी होत्या. तेव्हा सुएझ कालवा खुला झालेला नव्हता. म्हणजे या बोटींची डागडुजी मुंबईतच होणे प्राप्त होते. आणि मुंबईच्या जुन्या गोद्या त्यांना अपुऱ्या होत्या. यावर उपाय म्हणून न्हावा-शेव्याकडील, इंग्रजी नकाशांत हॉग आयलंड म्हटलेल्या बेटापाशी, एडविन क्लार्क या अभियंत्याच्या पद्धतीची जलदाबावर चालणारी उचल-गोदी उभारण्यात आली. या पद्धतीत लोखंडी खांबांच्या दोन रांगांमधून एक चपटा तराफा जहाजासह वर उचलीत. तराफ्यातील पाणी काढून टाकले की तो जहाज पाठीवर घेऊन स्वतंत्रपणे तरंगू लागे. हा तराफा म्हणजे अर्धी तरती गोदीच म्हणावयास हरकत नाही. परंतु 1869 मध्ये कालवा खुला झाला. ज्या अडचणीपोटी हा खटाटोप झाला, तीच पुष्कळ अंशी नाहीशी झाली. आमच्या मते, खर्चिक सोय तयार होता होता तिची गरज ओसरल्याचे याहून बोलके उदाहरण या किनाऱ्यावर नाही.

पुढे 1914 मध्ये मुंबईस ह्यूज सुकी गोदी झाली. लांबी 1000 फूट, रुंदी 100 फूट. त्या काळी हे माप भरपूर होते. पण पहिल्या महायुद्धानंतर पाणतीरांपासून बचाव करण्यासाठी युद्धनौकांच्या कुशींस फुगवटे जोडण्यात आले, आणि 'क्वीन एलिझाबेथ' वर्गातील नौकांची रुंदी 104 फुटांवर गेली. ज्या गोदीची रुंदी 100 फूट, तीत 104 फुटांची नौका शिरणार कशी? हा चार फुटांचा फरक शांततेच्या काळात फारसा बोचला नाही, कारण सिंगापूर हाती होते. तेथे 1928 मध्ये इंग्लंडहून तुकड्यातुकड्यांनी ओढत नेलेली 50,000 टनी तरती गोदी होती, शिवाय 1938 मध्ये मोठी सुकी गोदीही झाली होती. 15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर पडले, आणि हिंदी महासागरातील ब्रिटिश आरमारास मोठ्या नौकांसाठी थेट दक्षिण आफ्रिकेतील दरबानकडे पाहावे लागले. मुंबईत बांधलेली क्रमांक 23 ची तरती गोदी ही या निकडीची संतती होय. तिची उचलक्षमता 50,000 टन धरलेली होती. बांधून झाल्यावर ती त्रिंकोमालीस नेण्यात आली.

25 जुलै 1944 रोजी 'व्हॅलियंट' या युद्धनौकेने सुमात्राजवळील साबांग बंदरावर तोफा डागल्या. त्यानंतर दोनच आठवड्यांनी ती या गोदीत शिरली. पूर्ण भारासह तिचे वजन सुमारे 36,000 टन. म्हणजे गोदीच्या क्षमतेपेक्षा बरेच कमी. मग अपघात का झाला? एकूण वजन आणि वजनाची वाटणी यांतील भेद येथे ध्यानात घ्यावयास हवा. पंधरा इंची तोफांचे बुरूज, चिलखत व यंत्रे यांचा भार नौकेच्या लांबीवर सारखा पसरलेला नसतो. त्यात तिच्या कोठारांत दारूगोळा भरलेला होता. जेथे भार अधिक तेथे उचल अधिक हवी, म्हणून कप्पे रिकामे करण्याचा क्रम त्या त्या नौकेसाठी ठरवावा लागतो. त्या दिवशी तो क्रम चुकला. टोकांवर ताण असह्य झाला आणि गोदीचा कणा मोडला. कोकणातील सुतार नौकेच्या तळकण्यास 'पठाण' म्हणतात. पठाण मोडलेली नौका ते पुन्हा हाती धरीत नाहीत. गोदीचेही तसेच झाले. 'व्हॅलियंट' मात्र वाफ तयार ठेवून असल्यामुळे बुडण्यातून बचावली. तरी तिचे आतले दोन पंखे व एक सुकाणू जखडून बसले. मायदेशी जाण्यासाठी ती सुएझपर्यंत कशीबशी पोहोचली. तेथे पाणबुड्यांनी त्या दोन पंख्यांचे दांडे कापून काढले.

विचित्र योगायोग असा की, डिसेंबर 1941 मध्ये अलेक्झांड्रिया बंदरात इटालियन पाणबुड्यांनी सुरुंग लावून याच नौकेचा तळ फोडला, तेव्हा तिला सावरणारीही एक तरती गोदीच होती. या दोन्ही हकिकती 'व्हॅलियंट'च्या चरित्रात सापडतात. नौकेस नाव असते, कप्तान असतो, रोजनिशी असते. गोदीस केवळ क्रमांक. म्हणून गोदीचा इतिहास शोधणाऱ्या अभ्यासकास नेहमीच दुसऱ्याच्या चरित्रातून वेचून आपले काम भागवावे लागते, आणि तेथे ती बहुधा अपघाताच्या प्रसंगीच भेटते. तिने सुरळीत उचललेली जहाजे कोणी मोजीत नाही.

भारतीय नौदलानेही क्रमांकांचीच प्रथा चालविली आहे. 1987 मध्ये जपानहून पोर्ट ब्लेअरला आलेली तरती गोदी 'एफडीएन-1', आणि चेन्नईजवळ कट्टुपल्ली येथे बांधून 2017 मध्ये पाण्यात सोडलेली 'एफडीएन-2'. मुंबईच्या नौदल गोदीवाड्यात 2019 मध्ये सुरू झालेली विमानवाहू नौकांची नवी गोदी मात्र पुन्हा जमिनीला जखडलेली, दगड-काँक्रीटची सुकी गोदी आहे. तिची लांबी 281 मीटर आहे.