बद्द वाजणारी जमीन

मेस्त्री माजघरात उकिडवे बसले, खिशातून दहा रुपयांचं नाणं काढलं आणि जमीन ठोकत ठोकत देवघरापर्यंत सरकले. टक, टक, टक आणि मध्येच ठप्प. "टोळ्ळु, अम्मा," म्हणत त्यांनी खडूनं तिथे एक वेडंवाकडं बेट काढलं. टोळ्ळु म्हणजे कानडीत पोकळ. सांगलीत माझी आजी माठ घेताना असाच कान लावायची आणि बद्द वाजला की परत ठेवायची. तासाभरात माजघरात अकरा बेटं झाली.

हे बेंगळुरूतल्या बसवनगुडीतलं माझं सासरचं घर. 1898 च्या प्लेगनंतर पेटेतली, म्हणजे जुन्या पेठेतली, दाटीवाटी सोडून माणसं बसवनगुडी-मल्लेश्वरमच्या नव्या वस्त्यांकडे सरकली, त्यांत सासऱ्यांचे आजोबा होते. जमीन तेव्हाचीच, तांबडी. बेंगळुरूत सगळे तिला सरसकट ‘रेड ऑक्साईड’ म्हणतात. पण रेड ऑक्साईड म्हणजे सिमेंटात लोहाची तांबडी भुकटी कालवून केलेला कोबा. आमची त्याच्या आधीच्या पिढीतली. खाली विटांचे तुकडे आणि चुना धुमसून केलेला थर, त्यावर चुना नि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, आणि सगळ्यांत वर काव घातलेला पातळ हात. कोकणातल्या देवळांच्या भिंतींवर कावी चित्रं काढतात, तीच ही काव. तो हात ओला असतानाच थापीनं घोटायचा, आणि वेळ चुकली की काम गेलं. पुढे शंभर वर्षं बायकांच्या पायांनी आणि खोबरेल तेलाच्या फडक्यानं तिला चकाकी आणली.

शाळेत इतिहास शिकवताना रोमन मोझेकचं चित्र मी दरवर्षी मुलांना दाखवायचे: मासे, द्राक्षांचे वेल, चौकटी. त्या चित्राच्या खाली काय असतं, हे मात्र मी कधी सांगितलं नाही, कारण मलाच ते निवृत्तीनंतर वाचायला मिळालं. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस या रोमन स्थपतीनं वास्तुकलेवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या सातव्या भागात जमिनीची कृती दिली आहे. तळाला मुठीएवढे दगड. त्यावर चुना आणि खडीचा जाड थर, माणसांची रांग लावून लाकडानं धुमसलेला. त्यावर तीन भाग कुटलेली कौलं आणि एक भाग चुना. मग दगडाचे रंगीत तुकडे. कुटलेली कौलं म्हणजे आपली सुरखीच की! तुकडे आणि चित्र बाजूला काढलं, तर रोमन श्रीमंताच्या दिवाणखान्याची जमीन आणि माझ्या माजघराची जमीन यांचं पोट एकच आहे. म्हणून दुखणीही सारखी: ओल, क्षार आणि थर सुटून झालेली पोकळी.

त्या दुखण्यांवर जगानं आधी चुकीचं औषध केलं. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात उत्खननात मोझेक सापडलं की त्यावर सरसानं कापड चिकटवायचं, चित्र खालच्या थरांपासून सोलायचं, आणि लोखंडी सळ्या घातलेल्या सिमेंट काँक्रीटच्या लादीवर बसवायचं. दिसायला ते भक्कम. पण काही वर्षांनी सळ्या गंजून फुगल्या, लादी तडकली, सिमेंटातले क्षार वर आले आणि दोन हजार वर्षं टिकलेले तुकडे डोळ्यांदेखत उडू लागले. हे थांबवायचं म्हणून 1977 मध्ये रोममध्ये मोझेक-जतनाची आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली. हळूहळू रीत उलटली. जमीन जिथे आहे तिथेच ठेवायची, चुन्यानंच दुरुस्त करायची, आणि राखायला माणसं-पैसा नसेल तर वाळू-माती घालून पुन्हा गाडून टाकायची. गाडणं हाही जतनाचाच मार्ग, हे मला फार पटलं. ट्युनिशियात बुला रेजिया इथे जमिनीखाली बांधलेली रोमन घरं आहेत, त्यांतली बरीच मोझेक अजून जागच्या जागी आहेत. तिथले कारागीरही पोकळी शोधायला आधी ठोकून ऐकतात.

आमच्या घरातही ते चुकीचं औषध झालं होतं. 1998 साली न्हाणीघराचा पाइप फुटला. दुरुस्तीला आलेल्या कंत्राटदारानं दोन हात जमीन फोडली आणि कडक सिमेंट भरून वर तांबडा रंग दिला. ते सिमेंट आजही ठणठणीत आहे. बिघडली ती त्याच्या चहूबाजूंची जमीन. खालची ओल चुन्यातून सावकाश बाहेर पडायची, तिला सिमेंटनं अडवलं. ती कडेनं वाट काढू लागली, क्षार घेऊन आली आणि कावेचे पापुद्रे निघाले. मला हे कळायला पंचवीस वर्षं लागली. त्या काळात गल्लीतल्या बहुतेक घरांनी तांबडी जमीन फोडली. कुणी आधीच मोझेक फरशी घातली होती, कुणी ग्रॅनाइट घातला, नंतर चकचकीत टाइल्स. मुंबईत 1922 मध्ये स्वदेशीच्या ध्यासानं सुरू झालेल्या भारत टाइल्ससारख्या कारखान्यांच्या नक्षीच्या लाद्याही काही घरांत होत्या. एका घराबाहेर त्यांचा ढीग कचऱ्याच्या गाडीची वाट पाहत पडलेला मी पाहिला आहे. त्यातली एक उचलून आणली, तुळशीपाशी ठेवली आहे.

मेस्त्रींनी मेडिकलमधून इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजा मागवल्या. प्रत्येक बेटाच्या कडेला दाभणाएवढं भोक, आत आधी नुसतं पाणी, मग चुना आणि कपड्यातून चाळलेली विटेची पूड, ताकासारखी पातळ. वर वाळूची पोती. सासूबाई खुर्चीवर बसून बघत होत्या. "औषध पाजवतायत जणू," त्या म्हणाल्या.

रंगाला मात्र वेळ लागला. मेस्त्रींनी कावेचं प्रमाण बदलत पाच नमुने कौलाच्या तुकड्यांवर घोटले आणि खिडकीत ओळीनं ठेवले. ओले असताना पहिलाच जुळत होता. आठवड्यानं वाळून तो गुलाबी पडला. चौथा जुळला.

अठ्ठ्याण्णव सालचं सिमेंट अजून तसंच आहे. ते मशीननं नाही, बारीक छिन्नीनं कडेकडेनं काढायचं, तेही संक्रांतीनंतर, असं ठरलं आहे. त्यासाठीचा चुना मागच्या अंगणातल्या पिंपात भिजतोय. वर दोन बोटं पाणी राहिलं पाहिजे, एवढंच मेस्त्रींनी बजावलं आहे. रोज सकाळी दुधाची पिशवी घ्यायला गेले की मी झाकण उचलून बघते.