भाक्रा धरण आणि जुनें बिलासपूर

भाक्रा धरणाची कथा बहुधा १९०८ सालापासून सांगतात. त्या वर्षीं पंजाबचे लेफ्टनंट-गव्हर्नर सर लुई डेन सतलजच्या प्रवाहाबरोबर खालीं येत असतां भाक्र्याची अरुंद घळ त्यांच्या नजरेंत भरली, आणि येथें नदी अडवितां येईल असें त्यांनीं लिहून ठेविलें. पुढें काँक्रीटची पहिली पाटी पडावयास १९५५ चा नोव्हेंबर उजाडला. एवढा विलंब कां?

पैशाची चणचण होतीच. पण खरी अडचण निराळी होती. पाणी हवें होतें पंजाबला, आणि तें सांचणार होतें बिलासपूर संस्थानांत. १९१९ च्या आराखड्यांत धरणाची उंची चारशे फुटांच्या आंत होती. अखेर बांधलें तें ७४० फुटांचें. या चढत्या आंकड्यांतच बिलासपूरच्या राजधानीचें भवितव्य लिहिलेलें होतें. राजे आनंदचंद यांच्याशीं करार घडवून आणण्यासाठीं पंजाबचे मंत्री सर छोटूराम अखेरपर्यंत झटले. रोहटककडच्या शेतकऱ्याच्या या मुलाला कोरड्या शेतांची व्यथा ठाऊक होती. १९४५ च्या जानेवारींत ते वारले.

मग फाळणी झाली. कालव्यांखालची बहुतेक उत्तम जमीन पश्चिमेकडे गेली, निर्वासित इकडे आले, आणि इष्ट होती ती योजना निकडीची झाली. पन्नास फूट व्यासाचे, सुमारें अर्धा मैल लांबीचे दोन बोगदे खणून सतलज वळविण्यांत आली, तेव्हां कोठें पायाची जागा मोकळी झाली. कामावर हार्वे स्लोकम हा अमेरिकन तज्ज्ञ होता; त्याच्यापाशीं इंजिनियरची पदवी नव्हती. (पदवीवांचून ज्यांचें पान हालत नाहीं अशा आमच्या वाचकांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें!) १९६१ सालीं तो वारला, आणि १९६३ च्या ऑक्टोबरांत धरण राष्ट्राला अर्पण झालें.

पंडित नेहरूंनीं अशा कामांना नव्या युगाचीं मंदिरें म्हटलें. पंजाब, हरियाणा व राजस्थान येथील शेतें पाहणारास त्यांत अतिशयोक्ति वाटणार नाहीं, आणि आम्हांलाहि वाटत नाहीं. परंतु त्याच गोविंदसागरांत बिलासपूरचीं खरींखुरीं मंदिरें बुडालीं, तीं मात्र इतिहासकारांच्या दृष्टीआड झालीं आहेत. पहाडांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या अनेक कुटुंबांना हिस्सारकडच्या सपाट, रुक्ष मुलखांत जमिनी मिळाल्या. शहर वरच्या बाजूस नव्यानें वसविलें. तलावाचें पाणी ओसरलें म्हणजे जुन्या देवळांचीं शिखरें गाळांतून पुन्हां वर येतात, आणि नव्या बिलासपूरचे लोक तीं पाहावयास खालीं उतरतात.