मद्रासच्या गोळ्या आणि मिस्ड कॉल

घरी असलेल्या पेशंटवर लांबून लक्ष ठेवायचं, म्हणजे 'टेलिहेल्थ', हे आम्हा आयटीवाल्यांनी शोधून काढलं असा आमचा एक गोड समज असतो. यातला खरा अवघड प्रश्न मात्र मोबाईलच्या कितीतरी आधी, १९५६ साली मद्रासमध्ये पडला होता.

तेव्हा क्षयरोग झाला की सॅनेटोरियम. आपल्याकडे मिरज, पाचगणी. मोकळी हवा, विश्रांती, सकस आहार, आणि महिनोन् महिने घरापासून लांब. पण खाटा मूठभर आणि रुग्ण लाखांनी! गुण देणारी औषधं नुकतीच आली होती. म्हणून मद्रासच्या टीबी केमोथेरपी सेंटरमध्ये डॉ. वॉलेस फॉक्स आणि मंडळींनी १९३ गरीब रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही सॅनेटोरियममध्ये, काही घरी. औषधं दोघांना तीच, वर्षभर.

१९५९ मध्ये निकाल छापून आला. आजार आटोक्यात आलेले रुग्ण सॅनेटोरियममध्ये ९२ टक्के, तर घरी, त्याच दाटीवाटीत आणि तुटपुंज्या जेवणावर, ८६ टक्के. घरच्यांना लागण? तीही जास्त झाली नाही. औषध सुरू झालं की संसर्ग झपाट्याने उतरतो. व्हायची ती लागण बहुतेक आधीच झालेली असते.

पण पेशंट गोळ्या खरंच घेतो का? "घेतल्या ना?" "घेतल्या की!" एवढ्यावर ही मंडळी थांबली नाहीत. न सांगता घरी जाऊन गोळ्या मोजायच्या आणि लघवीत औषध उतरलंय का ते तपासायचं.

पुढे, १९९७ पासून, सरकारी कार्यक्रमात 'डॉट्स' आलं: कुणाच्या तरी डोळ्यांसमोर गोळी घ्यायची. उत्तम, पण रोजंदारीवरच्या माणसाने कामाचा खाडा करून केंद्रावर किती वेळा जायचं?

त्यावर बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या बिल थीस यांच्या गटाने २०१० च्या दशकात '९९डॉट्स' काढलं. पाकिटातून गोळी बाहेर काढली की मागे लपलेला फोन नंबर दिसतो, त्यावर फुकट कॉल करायचा. साधा फोनही चालतो. भारी आयडिया!

मग मुंबई, चेन्नईतल्या रुग्णांच्या नोंदी लघवीच्या तपासणीशी ताडून पाहिल्या, तर मेळ नीट बसेना. गोळी घेऊन कॉल न केलेले होते, आणि नोंद असून औषध न घेतलेलेही.

आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर पिंगला उत्तर देतो, म्हणजे आतलं ॲप्लिकेशन चालू आहे असं नव्हे. मिस्ड कॉल म्हणजे फक्त कॉल. अर्धवट औषधाने टीबी उलटतो, आणि औषधांना दाद न देणाराही होऊ शकतो. इथे रिस्टार्टचं बटण नाही.

म्हणून फोन निरुपयोगी म्हणायचं का? मुळीच नाही. शंभर दारांपैकी आज कुठली पाच ठोठवायची, एवढं त्याने सांगितलं तरी पुष्कळ झालं. दार ठोठवायला मात्र १९५६ सारखाच माणूस लागतो. आपण डॅशबोर्ड बनवतो तेव्हा त्या माणसाच्या पगाराची तरतूद कुणी केली आहे का, हे आधी विचारायला हवं.