रंगाऱ्याचा काळा रंग आणि पोटॅशियमची बॅटरी

चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती म्हणून आपण गणरायाला वंदन करतो. त्या चौसष्ट कलांमध्ये वस्त्रे रंगवण्याची कलाही गणली जाते. या कलेचा एक धागा आज थेट बॅटरीच्या प्रयोगशाळेत पोहोचला आहे. त्याचा इतिहास वाचकांपुढे थोडक्यात मांडावा, असा आमचा हेतू आहे.

आपल्या घडियाळी पोळमधून मांडवीला यावे, लहरीपुरा दरवाजातून न्यायमंदिराकडे बाहेर पडावे आणि राजमहाल रोड धरावा, म्हणजे कलाभवन लागते. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली ही संस्था सुरू केली. दादासाहेब फाळके इथेच शिकले. गज्जर रसायनाचे प्राध्यापक होते, आणि कापड रंगवण्याचे शास्त्र हा त्यांच्या विशेष जिव्हाळ्याचा विषय होता.

रंगाऱ्याला रंग तयार करण्यापेक्षा तो कापडावर टिकवणे अवघड जाते. त्यासाठी पूर्वापार तुरटी वापरली जाई. तुरटी रंग आणि धागा यांना एकमेकांशी बांधते. ही तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांचा क्षार. मूळ पोटॅशियम धातू मात्र हंफ्री डेव्ही यांनी १८०७ साली बॅटरीच्या प्रवाहाने वेगळा केला. बॅटरी आणि पोटॅशियम यांची ओळख इतकी जुनी आहे.

१८५६ साली विल्यम पर्किन यांनी ॲनिलिनपासून जांभळा रंग काढला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. १८६२ साली लंडनमध्ये हेन्री लेथबी यांनी ॲनिलिनच्या आम्लयुक्त द्रावणातून वीज सोडली, तेव्हा प्लॅटिनमवर गडद थर जमला. पुढच्याच वर्षी जॉन लाइटफूट यांनी सुती कापडावर पक्का बसणारा ‘ॲनिलिन ब्लॅक’ हा काळा रंग आणला. तो धाग्यातच तयार होई, म्हणून धुऊन जात नसे. त्याच्याच कुळातल्या पॉलिॲनिलिनमधून वीज चांगली वाहू शकते, ही गोष्ट मात्र तेव्हाच्या रंगाऱ्यांना ठाऊक नव्हती.

विजेचे वाहन करणाऱ्या पॉलिमरांकडे जगाचे लक्ष वळले ते १९७७ साली. शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीन या प्लास्टिकमधून वीज वाहून दाखवली. त्याबद्दल त्यांना २००० सालचे नोबेल मिळाले. पुढे मॅकडायर्मिड यांनी पॉलिॲनिलिनचाही कसून अभ्यास केला. जपानचे अकिरा योशिनो यांनी लिथियम बॅटरीची ऋण बाजू प्रथम पॉलिॲसिटिलीनचीच करून पाहिली होती. नंतर ती जागा कार्बनने घेतली, आणि १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली.

आता पोटॅशियमकडे वळू. पृथ्वीच्या कवचात ते लिथियमच्या सुमारे हजारपट आहे, म्हणून त्याची बॅटरी स्वस्त पडेल अशी आशा आहे. लिथियमला तांब्याचा पत्रा लागतो, पोटॅशियमला ॲल्युमिनियमचा चालतो. अडचण ग्रॅफाइटमध्ये आहे. ग्रॅफाइट वहीच्या पानांसारखे थराथरांचे असते. चार्जिंग होताना आयन त्या थरांत शिरतात. लिथियम शिरले की ग्रॅफाइट सुमारे १० टक्के फुगते. पोटॅशियमचा आयन मोठा, त्यामुळे ते ६० टक्क्यांच्या आसपास फुगते. रोज असे फुगणे-आकसणे झाले, तर पत्र्यावर लेपलेली पूड सुटू लागते आणि बॅटरी थकते.

ही पूड पत्र्याला धरून ठेवणाऱ्या डिंकासारख्या पदार्थाला बाइंडर म्हणतात. तो वजनाने अगदी थोडा असतो. नेहमीचा पीव्हीडीएफ बाइंडर वीज वाहू देत नाही आणि एवढ्या ताणाला पुरा पडत नाही. २०१५ साली तोक्योचे शिनिची कोमाबा आणि सहकाऱ्यांनी पोटॅशियमच्या ग्रॅफाइटसाठी सीएमसी वापरून चांगला परिणाम मिळवला. सीएमसी कापसातल्या सेल्युलोजपासून होते. कापड छपाईत रंग घट्ट करायलाही ते वापरतात. म्हणजे इथेही रंगाऱ्याचेच सामान कामी आले!

आता त्यापुढे जाऊन, धरून ठेवणारा आणि वीजही वाहून नेणारा असा दुहेरी बाइंडर शोधला जात आहे. त्यात पॉलिॲनिलिनच्या जातीचे पॉलिमर तपासले जातात. लिथियमच्या सिलिकॉन ॲनोडसाठी पॉलिॲनिलिनचे जेल २०१३ साली अमेरिकेत यशस्वी ठरले होते. जे पॉलिमर बॅटरीच्या मुख्य जागेवरून मागे हटले, ते आता सांधा धरायला परत येत आहेत.

हा इतिहास वडोदऱ्याच्या मराठी माणसाने का वाचावा? कृत्रिम रंगांच्या युगात जर्मनी पुढे गेला आणि आपण रंग विकत घेत राहिलो. ती चूक पुन्हा होऊ नये, म्हणून गज्जरांनी शास्त्र लोकांच्या भाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला आणि महाराजांनी त्याला बळ दिले. आज बॅटरीच्या बाबतीत तोच प्रश्न उभा आहे. सेल बाहेरून येतात, आपण ते जोडतो. कारागिराच्या हातातले ज्ञान आणि प्रयोगशाळेतले ज्ञान यांना बांधणारा दुवा म्हणजे आपली भाषा. तो सैल पडला, तर दोन्ही बाजू चांगल्या असूनही पूड गळून पडते.

आपल्या मुलांपैकी कोणी उद्या कलाभवनात शिकायला गेले, तर त्याला तुरटीपासूनची ही गोष्ट आपल्या भाषेत जरूर सांगावी. विद्येच्या देवतेपुढे आमचे एवढेच मागणे.

गणपती बाप्पा मोरया!