कोकणातील कॅथलिक धर्मग्राम आणि स्थानिकांच्या व्रतस्थ जीवनाचा प्रश्न

प्रस्तावना

संन्यस्त जीवन म्हटले की महाड-पोलादपूर परिसरातील वाचकास शिवथरघळीचे स्मरण होते. समर्थ रामदासांच्या दासबोधाशी परंपरेने जोडल्या गेलेल्या या घळीमुळे मठ, महंत व दीक्षा या संकल्पना येथील लोकजीवनास परिचित आहेत. याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, मुरूड तालुक्यातील कोर्लई येथे, कॅथलिक ख्रिस्ती समाजाचा जुना धर्मग्राम आहे. पोर्तुगीज सत्ता १७४० मध्ये तेथून गेली. परंतु वस्ती, चर्च आणि पोर्तुगीज-मराठी संपर्कातून घडलेली बोली टिकून राहिली. राजसत्ता गेल्यावर धर्मग्राम कोणाच्या आधाराने टिकतो? या प्रश्नाचे उत्तर स्थानिक धर्मगुरूंच्या इतिहासात शोधावे लागते. प्रस्तुत निबंधात वसई व गोवा येथील उदाहरणांच्या आधारे हा शोध घेतला आहे.

संकल्पना

कॅथलिक परंपरेत धर्मसेवेच्या अंतःप्रेरणेस 'पाचारण' असे म्हटले जाते. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन एखाद्या संघात राहणारे ते व्रतस्थ. बिशपांच्या अधिकाराखाली धर्मग्रामाची सेवा करणारे ते धर्मप्रांतीय धर्मगुरू. हे धर्मगुरूही अविवाहित असतात. मात्र ते कोणत्याही संघाचे सदस्य असतीलच असे नाही. पाचारण व्यक्तीस होते, परंतु त्यास मान्यता देण्याचा अधिकार संस्थेकडे असतो. सोळाव्या व सतराव्या शतकांत हा अधिकार युरोपीय संघांच्या हाती एकवटला होता. त्यामुळे स्थानिकांच्या प्रवेशाचा प्रश्न वंश व सत्ता यांच्याशी निगडित झाला.

वसईचा गोन्सालो गार्सिया

या प्रश्नाचे पहिले ठळक उदाहरण वसईचेच आहे. गोन्सालो गार्सिया याचा जन्म १५५७ च्या सुमारास वसई येथे झाला. त्याचे वडील पोर्तुगीज व आई स्थानिक होती. येशूसंघीयांच्या सहवासात वाढलेला हा तरुण त्यांच्यासमवेत जपानला गेला. तेथे भाषा आत्मसात करून त्याने धर्मशिक्षकाचे काम केले. असे असूनही येशूसंघाचा सदस्य होण्याची त्याची इच्छा सफल झाली नाही. काही काळ व्यापार केल्यानंतर तो मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला. १५९३ मध्ये तो दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे अन्य पंचवीस जणांसह त्यास क्रुसावर ठार करण्यात आले. १८६२ मध्ये त्यास संतपद देण्यात आले. ज्याच्या सेवेचा लाभ घेतला गेला त्यालाच सदस्यत्व मिळू नये, ही त्या काळातील विसंगती येथे स्पष्ट दिसते.

गोव्यातील प्रयत्न व मर्यादा

१६२२ मध्ये रोम येथे धर्मप्रसारासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. स्थानिक धर्मगुरू घडवावेत, ही त्याची भूमिका होती. दिवाडी बेटावरील मातेउश द काश्त्रू यांना गोव्यात धर्मगुरुपदाचा मार्ग मोकळा नव्हता. म्हणून त्यांनी रोम गाठले. १६३७ मध्ये ते बिशप झाले व आदिलशाही मुलखाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपविण्यात आली. पोलादपूरलगतचे जावळीचे खोरे त्या वेळी आदिलशाहीच्या मांडलिक मोऱ्यांकडे होते. शिवाजी महाराजांनी ते १६५६ मध्ये जिंकले. त्यामुळे निदान कागदोपत्री हा डोंगराळ मुलूख या स्थानिक बिशपांच्या कार्यक्षेत्रात येत होता. प्रत्यक्षात गोव्याच्या सीमेवरील डिचोली हे त्यांचे प्रमुख केंद्र राहिले आणि गोव्यातील धर्मसत्तेशी त्यांचा संघर्ष अखेरपर्यंत मिटला नाही.

त्यानंतरच्या पिढीत जुझे वाझ (१६५१–१७११) यांनी वेगळी वाट धरली. १६८५ मध्ये जुने गोवे येथे स्थानिक धर्मगुरूंच्या समुदायास त्यांनी 'ओरेटरी'चे रूप दिले. पुढे डच अंमलाखालील श्रीलंकेत वेषांतर करून त्यांनी तेथील कॅथलिकांची सेवा केली. २०१५ मध्ये त्यांना संतपद प्राप्त झाले. युरोपीय संघांची दारे बंद असताना उभी राहिलेली ही संस्था मात्र मुख्यत्वे ब्राह्मण कुळांतील धर्मगुरूंचीच राहिली. वंशभेदाने वगळले गेलेल्यांनी जातिभेदाची चौकट कायम ठेवली, हे नमूद करणे इतिहासाच्या दृष्टीने आवश्यक आहे. स्त्रियांबाबतही चित्र फारसे निराळे नव्हते. १६०६ मध्ये स्थापन झालेला सांता मोनिका मठ प्रामुख्याने पोर्तुगीज वंशाच्या स्त्रियांसाठी होता.

१७३९ नंतरचे धर्मग्राम

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तहानुसार ख्रिस्ती रयतेस उपासनेची मोकळीक मिळाली, परंतु युरोपीय संघांचे मठ ओस पडले. बाप्तिस्मा, विवाह व अंत्यविधी यांची जबाबदारी गोव्याच्या व स्थानिक धर्मप्रांतीय धर्मगुरूंवर आली. ज्यांना दुय्यम लेखले गेले, त्यांनीच धर्मग्राम सांभाळले. त्यांच्यामागे किल्ल्याची तटबंदी नव्हती. गावाशी असलेले नाते हेच त्यांचे बळ होते. १८३५ मध्ये गोव्यातही पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त झाले, तेव्हा तेथील धर्मग्रामांची भिस्तही याच वर्गावर राहिली.

या दीर्घ प्रक्रियेची फलश्रुती विसाव्या शतकात दिसून आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासनेत लोकभाषेस स्थान मिळाले. १९९८ मध्ये वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला व थॉमस डाबरे त्याचे पहिले बिशप झाले. वसईचेच धर्मगुरू फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, कोकणात पाचारणाचा अभाव नव्हता. अभाव होता तो त्यास मान्यता देण्याच्या तयारीचा. गार्सिया यांना दुसऱ्या संघात जावे लागले, काश्त्रू यांना रोमला जावे लागले आणि वाझ यांना नवी संस्था उभारावी लागली. तथापि सत्तांतराच्या प्रसंगी धर्मग्राम तगले ते गावची भाषा बोलणाऱ्या धर्मगुरूंमुळे. कोणत्याही धर्मपरंपरेतील मठ वा संघ यांचा अभ्यास करताना त्यांच्या वैभवाबरोबरच प्रवेशाचे दार कोणासाठी उघडे होते व कोणासाठी बंद होते, याची नोंद घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.